कसर, कुसळ आणि मुसळ

राखेचा बुधवार आला, की आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांचं वातावरण एकदम बदलतं. आदल्या आठवड्यापर्यंत लग्नांचा नुसता धडाका असतो. मांडव, बँडबाजा, जेवणावळी, पाहुण्यांची ये-जा! पुढच्या उपवासकाळात लग्नकार्यं टाळायची, हा जुना रिवाज. मग बुधवारी चर्चमध्ये रांगेत उभं राहायचं आणि कपाळावर राख लावून घ्यायची. ही राख कुठली, तर आधीच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत धरलेल्या झावळ्या जाळून केलेली. शेवटी सगळ्यांची मातीच होणार आहे, एवढाच तिचा निरोप. तिथून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळले तर बरोबर चाळीस दिवस. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांचे.

या दिवसांत भेटेल ती बाई एकच प्रश्न विचारते, ''यंदा काय सोडलंस?'' चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हा प्रश्न नवा नाही. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. आमच्याकडे कुणी चहा सोडतं, कुणी मालिका, आणि अलीकडे तर कुणी कुणी मोबाइल बाजूला ठेवण्याचा नेम करतं. शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी मात्र चालते. त्यामुळे शुक्रवारी सकाळी कोळणीच्या टोपलीभोवती ही गर्दी! आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी फटकळ आहेत. त्या म्हणतात, ''मटण सोडून पापलेट खायचं, हा कसला गं त्याग? हा तर खिशाला दुप्पट भुर्दंड.''

सगळ्या हसतात. पण मावशींच्या बोलण्यातला मुद्दा विसरण्यासारखा नाही. ताटातली वस्तू बदलली, जिभेची ओढ तशीच राहिली, तर सोडलं काय? आमच्या मंडळात उपवासकाळात बायबलचा एखादा भाग सावकाश वाचायची पद्धत आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आम्ही असंच वाचलं आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं.

या प्रवचनाच्या सहाव्या अध्यायात येशू धनाविषयी आणि काळजीविषयी बोलतो. सातव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो दुसऱ्यांचा न्याय करू नका, म्हणजेच उठसूट कुणाला दोषी ठरवू नका, असं सांगतो. वर्षानुवर्षं आम्ही हे दोन वेगळे धडे म्हणून ऐकत आलो. एका रविवारी साधेपणावर प्रवचन, दुसऱ्या रविवारी परनिंदेवर. पण ही अध्यायांची भिंत मुळातली नाहीच. बायबलची आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावावर ती आहे. वचनांचे आकडे तर सोळाव्या शतकातले. म्हणजे पहिली हजार-बाराशे वर्षं हे प्रवचन वाचणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना ते सलग भेटत होतं. धन, काळजी आणि लगेच दुसऱ्याचा न्याय. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

हे दोन विषय शेजारी शेजारी का बसवले असतील? मला वाटतं, आपण बायकांना तरी हे समजावून सांगायची गरज नाही. हळदीकुंकू असो, बारसं असो नाहीतर चर्चमधलं लग्न असो, वस्तू आणि माणूस आपण एकाच नजरेत तोलतो. साडी कुठली, मंगळसूत्र किती तोळ्यांचं, आहेर काय केला, आणि मग लगेच, 'बाई कशी आहे'! वस्तू हीच मोजपट्टी झाली, की तिने आपण आधी स्वतःला मोजतो आणि मग शेजारणीला.

आता त्या प्रवचनातले तपशील बघा. ते सगळे घरातले आहेत. पृथ्वीवर साठा करू नका, असं सांगताना येशू कसर, किडीचा नाहीतर गंजाचा नाश आणि चोर, अशी तीन संकटं सांगतो. त्या काळी श्रीमंती म्हणजे काही बँकेतली ठेव नव्हती. उंची वस्त्रं, धान्याची कोठारं आणि पुरून ठेवलेलं नाणं, ही संपत्ती. वस्त्राला कसर लागते, धान्यात किडे होतात आणि मातीच्या भिंतीला भगदाड पाडून चोर आत शिरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खणून आत शिरणं असाच आहे. आपला 'घरफोडी' हा शब्द त्याला किती चपखल बसतो! डांबराच्या गोळ्या घालून पैठणी जपणारीला आणि गव्हात कडुलिंबाचा पाला ठेवणारीला यातलं काही वेगळं समजवावं लागत नाही. वस्तू सांभाळायची म्हणजे तिच्यावर पहारा करायचा. हळूहळू घर आपलं राहत नाही, आपण घराचे रखवालदार होतो.

पुढे पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला येतो. तो बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण त्यातली एक गंमत निसटून जाते. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात भरत नाहीत, असं येशू म्हणतो. ही त्या काळची पुरुषांची कामं. फुलं कष्ट करत नाहीत आणि सूत कातत नाहीत, असंही तो म्हणतो. सूतकताई हे घराघरातलं बायकांचं काम. म्हणजे रोजीरोटीच्या काळजीविषयी बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर शेतातला बाप्या होता, तशी चरितार्थासाठी सूत कातणारी बाईही होती. 'उद्याचं काय' हा प्रश्न तिच्याही उशाशी असतो, हे त्याला माहीत होतं.

या दोन्हींच्या मधे डोळ्याविषयी दोन वाक्यं आहेत. ती आम्हा सगळ्यांना कोड्यासारखी वाटायची. डोळा हा शरीराचा दिवा आहे, डोळा बिघडला तर आत सगळा अंधार. धनाच्या गोष्टीत हा डोळा कुठून आला? याचा उलगडा ज्यू लोकांच्या बोलण्याच्या पद्धतीत आहे. त्यांच्या भाषेत 'वाईट डोळा' म्हणजे कंजूषपणा, दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. आपणही 'डोळ्यांत खुपणं' म्हणतो, तसंच काहीसं. आणि मग पुढच्या अध्यायात पुन्हा तोच डोळा येतो! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ.

हे चित्र मराठीत इतकं मुरलंय, की ते येशूच्या तोंडीही आहे हे अनेकींना ठाऊक नसतं. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला लाकडाचा भुसा आणि लाकडाची तुळई यांतला फरक चांगलाच माहीत असणार. मराठीने तिथे स्वयंपाकघरातलं मुसळ आणलं, हे आपलं भाग्य. कारण हे मुसळ आलं कुठून, ते दोन्ही अध्याय सलग वाचले की कळतं. ज्या डोळ्यात वस्तूंची हाव आणि दुसऱ्याचा हेवा शिरला, त्याच डोळ्यात हे मुसळ अडकलंय. म्हणून 'काय सोडलंस?' या प्रश्नाला दोन भाग आहेत. हातातली वस्तू सोडलीस का? आणि हातातला तराजू?

पहिलं सोडून दुसरं घट्ट धरून ठेवणारे लोकही येशूने पाहिले होते. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट आहे. एक परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. दुसरा रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा जकातदार, त्या काळी सगळ्यांच्या तिरस्काराचा धनी. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान करतो. बघा, त्यागात कुठे उणा नाही! पण प्रार्थनेत तो देवाचे आभार कशाबद्दल मानतो, तर आपण त्या पलीकडच्या जकातदारासारखे नाही याबद्दल. पैसा सुटला, तराजू सुटला नाही. घरी जाताना देवाच्या लेखी नीतिमान ठरला तो छाती बडवून दया मागणारा जकातदार.

आमच्या मंडळातच याचं एक मजेशीर उदाहरण घडलं. एका लग्नात नवरीची आई गळ्यात साधी पोत आणि हातात काचेच्या बांगड्या एवढ्यावरच उभी होती. आमच्याकडे हे नजरेत भरतंच. जुन्या बायका लाल लुगड्यावर ठसठशीत सोनं घालून मिरवतात, तिथे मुलीच्या लग्नात आई अशी? लगेच दोन तट पडले. एक म्हणे, ''परिस्थिती खालावली वाटतं.'' दुसरा म्हणे, ''छे गं, किती साधी राहणी! आदर्श घ्यावा असा.'' पुढे मंडळात विषय निघाला, तेव्हा ती बाई शांतपणे म्हणाली, ''मी काही त्यागबिग केला नाही हो. धाकटीच्या नर्सिंगच्या फीसाठी दागिने बँकेत तारण ठेवलेत. सुटले की घालीन. तुम्ही कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.''

सगळ्या गप्प! मला तिच्या शेवटच्या वाक्याने विचार करायला लावलं. हिणवणाऱ्यांनी तिला तोललं तसं डोक्यावर घेणाऱ्यांनीही तोललंच. विचारलं कुणीच नाही. निवाडा नेहमी वाईटच असतो असं नाही, कौतुकाचाही निवाडा असतो. त्यातही समोरचं माणूस हरवतंच.

आता इथे एक खडा अडकतो आणि तो बाजूला सारून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. 'वस्तूंचा मोह सोडा' आणि 'न्याय करू नका', या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सर्वांत जास्त कुणाला ऐकवल्या जातात? बायकांना! नवरा मारतो म्हणून एखादी सांगायला आली, की तिला ऐकवायचं, क्षमा कर, न्याय करणारी तू कोण? वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला, की ऐकवायचं, पोरी, तुला कशाला हाव? आमच्या भागात वाडीच्या तुकड्याला बिल्डर सोन्याचा भाव देतात. अशा वेळी भावांनी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर बहिणीने सही करायची आणि त्यालाच प्रेम म्हणायचं. खरं तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा. मृत्युपत्र न करता आईवडील गेले, तर त्यांच्या मालमत्तेत ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा तो देतो. पण कायदा कागदावर आणि 'सोडून दे' मात्र प्रत्येकाच्या ओठांवर!

म्हणून हे वचन कुणाला उद्देशून आहे, ते नीट बघायला हवं. लूकच्या बाराव्या अध्यायात नेमका वाटणीचाच प्रसंग आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला सांगा, वडिलार्जित मालमत्तेत मला वाटा दे. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटण्या करणारा कुणी नेमलं? आणि लगेच सगळ्यांना लोभापासून सांभाळायला सांगून एक गोष्ट सांगतो. ती कुणाची? हातात काही नसलेल्याची नव्हे. भरघोस पीक आलेल्या जमीनदाराची! तो म्हणतो, जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो आणि मग पुष्कळ वर्षं खुशाल खातो-पितो. त्याच रात्री त्याचा प्राण जातो. आता सांगा, हक्कसोडपत्र पुढे करणाऱ्याने ही गोष्ट आधी कुणाला वाचून दाखवायची? बहिणीला की स्वतःला?

मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं पाहा. दानावरच्या प्रत्येक प्रवचनात ती असतेच. सगळं देऊन टाकणारी आदर्श बाई! पण मार्कच्या शुभवर्तमानात तिच्या अगदी आधीचं वाक्य वाचा. लांब झगे घालून मिरवणारे आणि लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री विधवांची घरं गिळतात, अशी जळजळीत टीका येशूने केली आहे. आणि तिच्या नंतर लगेच, हे भव्य मंदिर दगडावर दगड न राहता पडेल, असं तो सांगतो. मग ती विधवा नुसतं दानाचं उदाहरण राहत नाही. जिच्यापाशी दोनच दमड्या उरल्या, तिच्या त्या दोन दमड्याही पेटीत जाव्यात अशी ही कसली व्यवस्था, हा प्रश्नही तिच्या मागे उभा राहतो. तिचं मन मोठं होतं, यात शंका नाही. पण तिच्या मोठेपणाचा आधार घेऊन दुसऱ्या विधवेची पेटी रिकामी करणं, हे त्या गोष्टीत कुठेच बसत नाही.

निवाड्याचंही तसंच. ज्या अध्यायात न्याय करू नका असं आहे, त्याच अध्यायात मेंढरांचं कातडं पांघरून येणाऱ्या लांडग्यांपासून जपा, झाड फळावरून ओळखा, असंही आहे. म्हणजे डोळे मिटून बसा असं कुणी सांगितलेलं नाही. कुसळाच्या दाखल्याचा शेवटही आपण विसरतो. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढा, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायचं आहेच! पण लेकराच्या डोळ्यातलं कुसळ आई कशी काढते, ते आठवा. जवळ घेऊन, हलक्या हाताने, पदराच्या टोकाने. लांबून बोट दाखवून कुणाच्या डोळ्यातलं कुसळ निघत नाही. मारणाऱ्या नवऱ्याला मारकुटा म्हणणं म्हणजे निवाडा नव्हे, ते सत्य आहे. तिने सहन केलं म्हणून ती 'चांगली' आणि घर सोडलं म्हणून ती 'तसली', हे ठरवणं मात्र निवाडा.

'तसली' म्हटलं, की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पंचविशीतल्या विधवा, सोबत दोन वर्षांची मनोरमा. तिथे ज्या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या, त्यांचं लंडनजवळ फुलहॅम इथे एक घर होतं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. त्या बायकांना तिथे प्रेमाने वागवलं जातं, त्यांच्यासाठी कुणी मायेने राबतं, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा बायकांना दयेला पात्र न मानणारं शास्त्रच त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांनी तिथल्या एका भगिनीला कारण विचारलं. तिने उत्तरादाखल योहानच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाईची गोष्ट. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

काय आहे त्या गोष्टीत? भर दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. पाच नवरे झालेले, आताचा जोडीदार नवरा नव्हे. शिवाय शोमरोनी, म्हणजे ज्यू लोक जिच्या भांड्याला हात लावणार नाहीत अशा समाजातली. विहिरीपाशी दमून बसलेला येशू तिला पहिलं वाक्य काय बोलतो? मला पाणी दे. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक आहे, तो ते बोलूनही दाखवतो, पण तिला दटावल्याचा एक शब्द त्या अध्यायात नाही. ज्याने निवाडा करायचा, तो तिच्यापाशी पाणी मागतो! ती आपली घागर तिथेच टाकून गावात धावत जाते. वस्तूही सुटली आणि तराजूही सुटला. मी 'दोन्ही एकदम' म्हणते ते हेच.

रमाबाईंनी हा अध्याय नुसता वाचून मिटवला नाही. पुढे पुण्याजवळ केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून मुलींना, विधवांना तिथे आणलं. तिथेच 'कृपासदन'ही काढलं, समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी. स्वतः जाडंभरडं नेसत. पण या बायकांना त्यांनी 'मोह सोडा' एवढंच सांगितलं नाही, त्यांच्या हाताला काम दिलं. शेती, विणकाम, छापखाना. तिथला छापखाना बायकाच चालवत. त्याग स्वतःचा आणि आधार दुसरीला, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

आणि हा क्रम उलटा झाला की घरात काय होतं, ते वाचायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढावीत. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या हातात पैसा म्हणून टिकत नसे. दिसेल त्याला देऊन टाकायचं! संत माणूस. पण संतांच्या घरातही चूल पेटवावी लागतेच, आणि ती पेटवणारी लक्ष्मीबाई होती. नवऱ्याच्या त्यागाचा हिशोब बायकोच्या डब्यात निघतो, हे तिने इतक्या हसत हसत सांगितलंय, की आपल्याला हसू येता येता डोळ्यांत पाणी येतं.

त्या लक्ष्मीबाईंनी जे सोडलं, ते मला टिळकांच्या दानापेक्षाही अवघड वाटतं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या त्याच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तरी आपलं सोवळं, आपलं वेगळं पाणी सांभाळून. मग एका रात्री त्या विचार करत बसल्या, ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांसारखा माणसामाणसांत काही फरक दिसला असता. विचार करता करता त्यांच्या मनातली गाठ सुटली आणि पुढे कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. कुणाच्या हातचं पाणी चालतं, यावरून माणसाची किंमत ठरवणारा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा तराजू या बाईने एका रात्रीत खाली ठेवला. शोमरोनी बाईच्या विहिरीपासून हे अंतर फार लांबचं नाही.

इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात मोझेस नावाचा एक संन्यासी होऊन गेला. पूर्वाश्रमीचा दरोडेखोर. एका बंधूच्या हातून चूक झाली, तिचा निवाडा करायला सगळे जमले आणि मोझेसला बोलावणं गेलं. तो आधी जाईना. शेवटी निघाला तो गळकं भांडं पाण्याने भरून, पाठीशी घेऊन. लोकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, माझी पापं अशीच माझ्या मागे गळत असतात, मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलोय. निवाडा तिथेच थांबला, त्या बंधूला क्षमा मिळाली. ही गोष्ट मंडळात सांगितली, तेव्हा फटकळ मावशी म्हणाल्या, ''आमच्या बिशीच्या दिवशी सगळ्यांनीच एकेक गळकी बादली घेऊन बसायला पाहिजे!''

गंमत बाजूला ठेवू, पण त्यानंतर आम्ही चाळीस दिवसांसाठी तीन साधे नेम ठरवले. एक म्हणजे कपाटातलं द्यायचं ते फाटकं-विटकं नव्हे, आपल्यालाही आवडणारं, आणि घेणारीला आधी विचारून. दुसरा, जी समोर नाही तिच्याविषयी, तिच्यासमोर बोललो असतो तेवढंच बोलायचं. वाटलंच तर सरळ तिला जाऊन विचारायचं. तिसरा नेम मावशींचा. शुक्रवारी पापलेट न आणता वरण-भात करायचा आणि वाचलेले पैसे पेटीत टाकायचे. ती पेटी मात्र आमच्याच वाडीतल्या गरजू बायकांच्या औषधपाण्यासाठी. नेम रोज पाळले जातात असं नाही. दुसरा तर फारच अवघड! त्याने मंडळातल्या गप्पा निम्म्यावर आल्या, असं एकीचं म्हणणं. पण उरलेल्या निम्म्या गप्पांत एकमेकींची खबरबात जास्त कळायला लागली, हेही खरं.

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून आमच्याकडच्या लग्नांत नजरा आणखीच बारीक झाल्यात. कुणाचं खरं, कुणाचं एक ग्रॅमचं, हे लांबूनच ताडणाऱ्या बायका आहेत. सोनं घालू नये असं मी म्हणणार नाही. कितीतरी जणींसाठी तो अडल्यावेळचा एकमेव आधार असतो, आणि पाठीशी आधार असावा ही काही हाव नव्हे. पण ते सोनं गळ्यातच राहावं, डोळ्यात उतरू नये.

मत्तयने दोन अध्यायांत सांगितलेली ही गोष्ट लूकने सलग दोन वाक्यांत सांगून टाकली आहे. न्याय करू नका, दोषी ठरवू नका, क्षमा करा, आणि लगेच पुढे, द्या. द्याल तर तुम्हालाही मिळेल, दाबून, हलवून, शिगोशीग भरलेल्या मापाने, थेट तुमच्या ओच्यात. कारण ज्या मापाने तुम्ही मापाल, त्याच मापाने तुम्हाला परत मापलं जाईल. धान्य मापण्याचं आणि माणूस मापण्याचं माप त्याने एकच धरलंय. खळ्यावर धान्य मापताना पाहिलेल्या बाईला हे लगेच कळेल. एक माप असतं वरून हात फिरवून सपाट केलेलं, दाणा इकडचा तिकडे न होऊ देणारं. आणि एक असतं शीग लावून भरलेलं, चार दाणे खाली सांडले तरी चालतील असं. कुणाच्या लेकीकडे, कुणाच्या सुनेकडे, दाराशी आलेल्या परक्या बाईकडे बघताना आपल्या हातात यातलं कुठलं माप आहे, एवढंच या चाळीस दिवसांत बघायचं.